ताई, तू कधी जाणार?

प्रिय डोंबिवलीकर,

नाव छापू नका म्हणालीस म्हणून नाव नाही घेत, पण बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू २३ वर्षांची, सोशियॉलॉजीत बीए, गेलं दीड वर्ष दर शनिवारी गोवंडीच्या वस्तीत मुलांचा वर्ग घेतेस. लंडनला मुलांचे हक्क या विषयातल्या एक वर्षाच्या एमएला येत्या सप्टेंबरची अ‍ॅडमिशन मिळालीये आणि तिथल्याच एका बालहक्कांवर काम करणाऱ्या चॅरिटीने आठवड्याला दोन दिवसांची बिनपगारी इंटर्नशिप देऊ केलीये. बाबा बेस्टमधून रिटायर होतायत आणि राहता फ्लॅट तारण ठेवून ३५ लाखांचं लोन काढायला तयार आहेत. राहण्याखाण्याचं काय, तर २० तास कॅफेत काम करून भागवीन म्हणतेस. आत्या म्हणते काखेत कळसा नि गावाला वळसा, कुर्ला स्टेशनवर मुलं कमी पडली का तुला. आणि तुला स्वतःला टोचतंय ते वेगळंच, की त्या इंटर्नशिपमध्ये मुलं भेटणारच नाहीत, नुसतं ऑफिसात बसून रिपोर्ट वाचायचे आणि तक्ते भरायचे, "मग एवढं लांब जाऊन मी करणार काय, ताई?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पैशाचं गणित कागदावर मांडता येतं, याचं तसं नाही.

मी बरीच वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या स्टेशनजवळच्या मुलांच्या सेंटरवर काम केलं. संस्थेचं नाव नको, चूक आम्हा सगळ्यांचीच होती. दर उन्हाळ्यात परदेशातनं इंटर्न यायचे, सहा आठवड्यांसाठी. मनापासून यायचे, त्यात खोट नव्हती. एका वर्षी एक मुलगी आली, ती मुलांत अशी मिसळली की विचारू नको, त्यांच्यासोबत जमिनीवर बसून डाळभात खायची, मुली तिच्या वेण्या घालायच्या, आणि एक नऊ वर्षांचा मुलगा होता, परभणीकडचा म्हणू आपण, तपशील बदलून सांगतेय, चार महिन्यांत आमच्यापैकी कुणाशी धड बोलला नव्हता तो तिच्या मागेमागे फिरायला लागला. आम्ही खूश, रिपोर्टातही लिहिलं. सहा आठवडे झाले, केक कापला, फोटो काढले, ती रडली आणि गेली. तिच्या केसांचा काळा रबर याने मनगटात घातला होता तो आंघोळीलाही काढेना, हाताला वळ उठला तरी नाही. ती चारला यायची, तर चार वाजले की हा दारातल्या पायरीवर जाऊन बसायचा. हाक मारली की "येतो" म्हणायचा आणि तिथेच. पुढच्या उन्हाळ्यात नवी इंटर्न आली, तिने हसून नाव विचारलं तर याने नाव सांगितलंच नाही, उलट तिलाच विचारलं, "ताई, तू कधी जाणार?"

घर सुटलेलं मूल होतं ते, एकदा सगळं गेलेलं. दुसऱ्यांदा आम्ही घालवलं, केक कापून.

त्यानंतर आम्ही ठरवलं की जो सहा महिने सलग थांबणार नाही त्याने मुलांच्या गटात बसायचंच नाही, मग तो लंडनहून येवो नाहीतर विलेपार्ल्याहून. काही जण नाराज झाले, दोघं तर "आम्ही भांडीकुंडी घासायला आलो नाही" म्हणत निघून गेले. पण मुलं शांत झाली गं, खरंच झाली. म्हणून मी म्हणते, त्या चॅरिटीने तुला मुलांपासून लांब ठेवलंय ही मला त्या अख्ख्या ऑफरमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. येऊन आठ महिन्यांत निघून जाणाऱ्या परक्या पोरीला पहिल्याच दिवशी मुलांच्यात सोडणारी संस्था असती तर मी तुला नकोच म्हणाले असते.

आता ऑफिसातलं काम. आमच्याकडेच एक कॉलेजची मुलगी फील्डवर्कला होती, मुलांशी बोलायला घाबरायची म्हणून तिला फायली लावायला बसवली होती. एका मुलाच्या फायलीत तीन माणसांनी तीन वेळा लिहिलेलं, "मुलगा घरी जाण्यास नकार देतो." तिसऱ्याने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं आणि दुसऱ्याने पहिल्याचं. हिने पार तळाशी असलेली पहिल्या रात्रीची नोंद काढली, पेन्सिलने लिहिलेली, अर्धी पुसट, त्यात त्या मुलाचे शब्द होते, "मामाच्या घरी नाही जायचं." आई मामाकडेच राहते असं सगळे धरून चाललेले. आणि आई केव्हाच तिथून निघून नाशिकला वेगळी खोली घेऊन राहत होती, आणि ही गोष्ट ना त्या मुलाला माहीत होती ना आम्हाला. पंधरा दिवसांत तो आईकडे गेला. त्याआधी चार महिने तो आमच्याकडे अडकून होता, एका वाक्यापायी.

अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर बसलेलं मूल तू कधी बघितलं नसशील. मोठ्यांच्या मापाचा बाक असतो, पाय जमिनीला टेकत नाहीत, पोरं ते हलवत बसतात आणि त्यांच्या डोक्यावरून पाच मोठी माणसं एकमेकांशी बोलत असतात. त्या खोलीत त्या पोराचा आवाज म्हणजे ती फाइल. युनोच्या बालहक्क करारात ५४ कलमं आहेत, त्यातलं १२वं हेच सांगतं की मुलाबद्दल निर्णय घेताना मुलाला त्याचं मत मांडू द्यायचं आणि त्याचं वय-समज बघून त्या मताला वजन द्यायचं. २० नोव्हेंबर १९८९ ला तो करार मंजूर झाला, भारताने ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीपासून तो आपल्यावर बंधनकारक आहे आणि तरी पेन्सिलीची नोंद तळाशीच राहते. म्हणून कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत नीट उतरवून घेणं, तक्त्यात चुकीच्या रकान्यात पडलेलं मूल हुडकून काढणं, हे जर तू त्या दोन दिवसांत शिकलीस तर खूप शिकलीस असं मी म्हणेन.

आत्याला काय सांगायचं ते आता. आत्या चुकीचं बोलत नाहीये, मुलं इथे आहेतच, पण तिचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्येही विचारला गेला होता. १९१९ साली पहिलं महायुद्ध संपलेलं पण ब्रिटनने शत्रूदेशांची केलेली नाकेबंदी चालूच होती आणि ऑस्ट्रियात मुलं उपासमारीने मरत होती. एग्लंटाइन जेब नावाच्या बाईंनी त्या मुलांचे फोटो असलेली पत्रकं ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये वाटली म्हणून त्यांना अटक झाली, ५ पौंड दंड झाला. शत्रूच्या पोरांसाठी कसले पैसे मागता, आपली कमी आहेत का, म्हणून लोक चिडलेले. त्याच वर्षी त्यांनी सेव्ह द चिल्ड्रन सुरू केली आणि १९२४ मध्ये लीग ऑफ नेशन्सने मुलांच्या हक्कांचा जो पाच कलमी जाहीरनामा मान्य केला तो त्यांनीच लिहिलेला. आणि तुझ्यासाठी मुद्दाम सांगते, तरुणपणी त्यांनी शाळेत शिकवून बघितलं होतं, त्यांना ते मानवलं नाही, सोडून दिलं. त्यांचं काम कागदावरच झालं. (योगायोग असा की त्याच १९२४ मध्ये इकडे आपल्या मुंबई प्रांतात बॉम्बे चिल्ड्रन अ‍ॅक्ट झाला.)

आणि उलट्या दिशेनेही गेलंय ना इथून तिकडे. तू शनिवारी गोवंडी स्टेशनला उतरतेस, तिथून जवळच देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं कॅम्पस आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये तिथूनच एक प्रयोग म्हणून सुरू झाली, जेरू बिलिमोरिया यांनी केली, आणि पुढे २००३ मध्ये देशोदेशींच्या अशा हेल्पलाइन्सना जोडणारी संस्था अ‍ॅमस्टरडॅमला उभी राहिली त्यातही त्याच होत्या. तेव्हा आत्याला सांग, कळसा काखेतच आहे, मी फक्त पाणी कुठे कुठे आहे ते बघून येते.

तिकडे मुलांचं सगळं आलबेल आहे असं समजून मात्र जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या मुलावर गुन्ह्याचा खटला चालू शकतो. आपल्याकडे कायद्याने ती मर्यादा सातच आहे, पण १८ च्या आतल्यांसाठी बाल न्याय मंडळ वेगळं. घरात मुलाला मारणं स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये पूर्ण बंद केलं, इंग्लंडमध्ये "वाजवी शिक्षा" म्हणून आईबापांना अजून पळवाट आहे. स्कॉटलंडने बालहक्क करार २०२४ मध्ये आपल्या कायद्यात आणला, इंग्लंडने नाही आणलेला. एकट्याने तिथे पोचलेल्या निर्वासित पोरांना तर तू १८ च्या आतला आहेस हे सिद्ध कर म्हणतात, जवळ कागद नसतो. हे वाचताना तुला गोवंडीच आठवेल, कारण आपल्याकडेही पोराच्या वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला, मग महापालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर शेवटी हाडांची तपासणी, असंच चालतं. वर्गात तू हे बोलशील ना, तेव्हा बाकीचे पुस्तकातलं सांगतील आणि तुझ्याकडे सांगायला खरी पोरं असतील. लाजू नकोस तेव्हा.

आता पैसे. इथे मी स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नकोस.

कॅफेचं गणित चुकतंय. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, सोमवार ते रविवार, या आठवड्यात कमी केलं म्हणून पुढच्यात जास्त असं चालत नाही, आणि बिनपगारी कामही त्या २० तासांतच मोजलं जातं. दोन दिवसांची इंटर्नशिप म्हणजे १५ तास धर, कॅफेला उरले ५. पाच तासांत लंडनचं भाडं निघत नाही गं. उन्हाळ्यात जास्त करीन म्हणशील, तर एमएवाल्यांचा उन्हाळा डिझर्टेशनचा, बहुतेक ठिकाणी तोही टर्ममध्येच धरतात. अधूनमधून जाऊन मदत करणं वेगळं, ते तासांत येत नाही, पण ठरलेले दिवस, ठरलेलं काम, वर साहेब, असं असेल तर ते कामच. इंटर्नशिप कोर्सचा मार्क असलेला भाग असेल तर पुन्हा नियम वेगळा. त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट्स ऑफिसला ईमेल कर आणि उत्तर लेखी घे, सिनियर मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नकोस, कारण नियम मोडला तर व्हिसा तुझा जाणार, तिचा नाही. आणि चॅरिटीला विचार, आठवड्याला एकच दिवस चालेल का. चॅरिटीने अशा कामाला पगार न देणं तिथल्या कायद्यात बसतं, पण जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण त्या देऊ शकतात, ते मागताना संकोच नको. मुलांच्या हक्कांसाठी काम करतो म्हणणारी संस्था इंटर्नचं ट्रेनचं भाडं विचारल्यावर तोंड वाकडं करत असेल तर तेही कळलेलं बरं.

फ्लॅटचं बोलू. ३५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, हप्ता येतो महिन्याला साधारण ४७ हजार. मी या क्षेत्रात आयुष्य काढलंय म्हणून सांगते, इथे परत येऊन संस्थेत लागलीस तर सुरुवातीचा पगार बहुतेकदा त्या हप्त्याएवढाही नसतो. तिकडेच थांबून फेडीन म्हणशील तर शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसाचे दिवसही कमी होतायत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच, आणि त्यापुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जो पगार दाखवावा लागतो तो लहान चॅरिट्यांना परवडत नाही. शिवाय व्हिसा फीच्या वर हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, ते लोनच्या हिशेबात धरलेत का बघ, मला पत्रात दिसले नाहीत.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, जा, नक्की जा, पण बाबांचं घर तारण ठेवून यंदाच नको. अ‍ॅडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येते का ते युनिव्हर्सिटीला आजच विचार, पुष्कळ ठिकाणी येते, आणि भरलेलं डिपॉझिट पुढच्या वर्षाला वळतं का तेही लेखी घे. मधल्या वर्षात स्कॉलरशिपचे अर्ज नीट कर. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला २,८०० तासांचा अनुभव लागतो, पगारी-बिनपगारी दोन्ही चालतो, अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात, आणि एक अट अशी की शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यायचं, आणि तुला तर यायचंच आहे असं तूच लिहिलंयस. जे. एन. टाटा एंडोमेंट मुंबईतच आहे, १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना लोन स्कॉलरशिप देतात. शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, बाकी कुठली तुला लागू होते ते बघ, नियम दरवर्षीच्या जाहिरातीतच वाच. यातून निम्मा भार जरी उतरला तरी बाबा रात्री झोपतील. त्यांनी हो म्हटलंय कारण ते बाबा आहेत. आईला बाजूला घेऊन विचार, खरं काय ते ती सांगेल. इंटर्नशिप हातची जाईल अशी भीती वाटत असेल तर चॅरिटीलाही सरळ लिही, मी पुढच्या सप्टेंबरला येतेय, आणि ती हातची गेली तरी दुसरी मिळेल, या कामाला माणसं कायम कमीच पडतात.

अजून एक, तू लिहिलंयस की चॅरिटी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि दोन ओळखीच्या माणसांची शिफारस मागतेय आणि ते वाचून तुला कसंतरीच झालं, आपल्यावर संशय घेतल्यासारखं. अगं, बरं वाटू दे. पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज कर, वेळ लागतो, म्हणून लवकर कर. आपल्याकडे शनिवारी वर्ग घ्यायला आलेल्या किती जणांना कुणी काय विचारतं? तुला विचारलं होतं का गोवंडीत? मुलांच्या जवळ येणाऱ्या प्रत्येकाला, भला असो बुरा असो, दारात दोन प्रश्न विचारले जायलाच हवेत. आणि तूही त्यांना विचार, मुलाबद्दल काही वावगं दिसलं तर मी कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव काय. नाव पटकन सांगता आलं तर संस्था जागेवर आहे.

तुझ्या अर्जाला जोडलेले वर्गाचे फोटो तू मलाही पाठवलेस. छान आहेत, पण काढून टाक, इन्स्टाग्रामवरूनही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ केसमधल्या आणि संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतं. तुझी मुलं त्यात येत नसतीलही, पण शाळेचा बिल्ला दिसतोय, मागे गल्लीचं नाव दिसतंय, आणि ती हिरव्या फ्रॉकवाली हात पुढे करून तोंड लपवतेय ते तू बघितलंस का? तिने नाही म्हटलंय.

आणि आता जे तू विचारलंच नाहीस ते. चार पानांच्या पत्रात शनिवारची मुलं एकाच ओळीत आलीयत, अनुभव म्हणून. तू गेल्यावर त्यांचं काय, याबद्दल एक शब्द नाही. यंदा जा नाहीतर पुढच्या वर्षी, जायच्या निदान दोन महिने आधी त्यांना सांग, स्वतःच्या तोंडाने सांग, शेवटच्या दिवशी खाऊ वाटून नको. भिंतीला एक कॅलेंडर लाव आणि किती शनिवार उरले ते त्यांनाच खोडू दे. तुझ्यानंतर जो कोणी वर्ग घेणार तो शेवटचे चार शनिवार तुझ्या शेजारी बसलेला असू दे, म्हणजे तू नसशील त्या दिवशी दारात ओळखीचा चेहरा असेल. कुणीच मिळत नसेल तर संस्थेला आजच कळव, त्यांना शोधायला वेळ लागतो. रोज व्हिडिओ कॉल करीन असं वचन देऊ नकोस, लंडनमध्ये पहिल्याच महिन्यात ते मोडेल. महिन्यातून एक पोस्टकार्ड जमेल, तेवढंच सांग, आणि मग ते पाठव. कुणीतरी रुसेल, एखादा येणं बंद करेल, त्याच्या घरी जाऊन ये. आणि कुणी विचारलं की ताई तू कधी जाणार, तर विषय बदलू नकोस, खाली बस आणि तारीख सांग.

तुझी,
ताई